कोकणात शिवराक (म्हणजे शाकाहारी) जेवायचं असेल तर: कुठे, कधी आणि काय विचारून

किनाऱ्यावरच्या हॉटेलात 'व्हेज थाळी' मागितली की बहुतेक ठिकाणी पनीरची लाल ग्रेव्ही, दाल फ्राय, दोन रोट्या आणि जिरा राईस समोर येतो. त्याच वेळी शेजारच्या टेबलावर रव्यात तळलेली सुरमई, भाकरी आणि सोलकढी आलेली असते. मासे-मटण सोडलेली माणसं पुन्हा तिकडे वळतात ती या पनीरला कंटाळून, असं माझं ठाम मत आहे. जिथे घराघरात काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि कुळथाची पिठी शिजते, तिथे शाकाहारी पाहुण्याला पनीर वाढलं जावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून दोन गोष्टी सांगते: नकळत ताटात येणारा मासा कसा टाळायचा, आणि कोकणातली माणसं सोमवारी घरी जे जेवतात ते बाहेर कसं मिळवायचं.

मी देवगड तालुक्यातली, मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाच्या घरातली. मासा नाही असा दिवस आमच्याकडे म्हणजे वार नाहीतर सण. मोठेपणी मी स्वतःच्या मनानं मांसाहार सोडला. घरच्यांनी सोडलेला नाही आणि त्यांनी सोडावा असा माझा आग्रहही नाही. बचत गटाची आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि कुळथाचं पीठ दुकानांना पोचवायला मी वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत एसटीनं फिरते, त्यामुळे दुपारचं जेवण बहुतेक वेळा बाहेरच होतं.

सगळ्यात आधी विचारायचं ते जवळ्याबद्दल, म्हणजे सुकवलेल्या बारीक कोळंबीबद्दल. सुरमई, कोंबडी डोळ्यांना दिसते, पण भाजीत मुरलेला जवळा दिसत नाही. लाल माठ, मुळ्याचा पाला, दोडका, वांगं-बटाटा अशा भाज्यांत मूठभर जवळा किंवा सुकट टाकायची रीत किनाऱ्यावर सगळीकडे आहे. रायगडकडे वांग्यात आणि वालात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, पडतात. करणाऱ्या बाईच्या लेखी ती भाजीच असते. 'व्हेज आहे ना?' याला ती 'हो' म्हणते तेव्हा ती फसवत नसते, तिच्या हिशेबात मासा म्हणजे ताजा मासा. म्हणून नाव घेऊन विचारायचं: जवळा, सुकट, सोडे, सुके बोंबील, यातलं काही आहे का?

पावसाळ्यात तर हे विचारल्याशिवाय घास तोंडात घालू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी, म्हणून आगोटीला, पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेल्या सुक्या मासळीचे डबे उघडतात. आणि नेमका तोच काळ टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्यांचा. वर्षभर वाट बघावी अशा भाज्या, पण सुक्याशी त्यांची जोडी घट्ट.

देवबागच्या वाटेवर एका घरगुती खानावळीत मी असंच विचारलं होतं, "वयनी, भाजयेत जवळो आसा काय?" त्यांनी टोपावरचं झाकण काढलं, पळीनं टाकळा बाजूला सारला आणि स्वतःच वाकून बघितलं. "थोडोसो आसा, चवीक." मग मला 'बस' म्हणाल्या आणि वेगळ्या टोपात तेल तापवून लसूण ठेचून टाकली. लसूण लाल झाल्यावर मिरची, पाणी, दोन आमसुलं. पाणी फुटल्यावर एका हातानं कुळथाचं पीठ भुरभुरत दुसऱ्या हातानं घाटत राहिल्या. भाताबरोबर वाफाळती पिठी आणि भाजलेला पोह्याचा पापड, दहा मिनिटांत जेवण तयार. मी नुसतं 'व्हेज' म्हटलं असतं तर टाकळाच वाढला गेला असता. नीट सांगितलं की कोकणातली बाई कुणाला उपाशी उठू देत नाही, हा माझा सगळीकडचा अनुभव आहे.

दुसरा प्रश्न तव्याचा. घावणे शाकाहारीच असतात, पण ज्या तव्यावर बांगडे तळले त्यावर घातले तर वास लागतोच. चांगली सुगरण घावण्याचा बिडाचा तवा वेगळा ठेवते, नाहीतर घावण्याला जाळी पडत नाही आणि तो सुटतही नाही. त्यामुळे 'घावण्याचा तवा वेगळा आहे का?' हा प्रश्न कुणाला टोचत नाही, उलट अभिमानानं उत्तर मिळतं. कांदाभजी आणि बटाटेवड्यांच्या तेलाचं मात्र काटेकोर विचारा. गर्दीच्या दिवसांत एकाच कढईत बोंबीलही तळले जातात.

तिसरं वाटणाचं. मालवणी मसाला आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण दोन्ही शाकाहारी. घोळ होतो तो रश्श्याशी. घाईच्या वेळी उसळ दाट झाली की शेजारच्या टोपातला कोंबडीचा रस्सा एक पळी त्यात जाऊ शकतो. 'वाटण घाला, तयार रस्सा नको' एवढं आधी बोलून ठेवा. पाटीवर तिखलं किंवा हुमण लिहिलेलं असेल तर ते माशाचं, आणि किसमूर बहुतेक वेळा सुक्या मासळीचं. सांबारं, उसळ, पिठी, बिरडं हे तुमचे पदार्थ, तेही जवळ्या-सोड्यांचा प्रश्न विचारूनच.

इतकं सगळं समजावत बसायला वेळ नसेल तर सिंधुदुर्गात 'शिवराक जेवण हवं, माळकऱ्याला करता तसं' असं सांगा. गावोगाव माळकरी आहेत, त्यांच्यासाठी टोप, पळी, तवा वेगळा लागतो हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक असतं. 'माळ घातलीत का?' असं कुणी विचारलं तर खरं ते सांगा. मी 'नाही, पण खात नाही' म्हणते, तेवढं पुरतं.

कुठे जेवायचं म्हणाल तर देवळांच्या गावांनी वाट आखा. दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, दापोलीजवळचं मुरूड, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, गणपतीपुळे या पट्ट्यात घरगुती शाकाहारी खानावळी आहेत, मागे वाडी आणि पुढे पडवी अशा. तिथे डाळिंब्यांची उसळ, अळूची भाजी, फणसाची भाजी, मोदक असं जेवण मिळतं, फक्त आदल्या दिवशी फोन करायला हवा. ही हॉटेलं नव्हेत. माणसं मोजून भात लागतो, नारळ खवला जातो. दुपारी दोनला न सांगता दारात उभं राहून 'मोदक आहेत का' विचारणं त्या घरातल्या बाईवर अन्याय आहे. गणपतीपुळ्याला देवस्थानाच्या प्रसादाची खिचडीही असते, साधी आणि गरम.

महामार्गावर आणि चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ अशा शहरांत उडपी हॉटेलं आहेत. इडली-डोसा तिथे निर्धास्त खावा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

खरी कसोटी मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वेंगुर्ल्याच्या बंदराकडची बाजू. इथे शुद्ध शाकाहारी पाटी शोधत फिरण्यापेक्षा घरगुती खानावळ गाठा आणि वेळ साधा. मला माहीत असलेल्या खानावळींत भात, उसळ, भाजी सकाळीच उरकते आणि लिलावातली मासळी नंतर येते. बाराच्या आत पोचलात तर टोप स्वच्छ, तवा स्वच्छ आणि बाईला बोलायला सवड. दीडनंतर तिला तुमचं म्हणणं ऐकायलाही वेळ नसतो, तिचं चुकतं असं नाही. आणि जमलं तर सोमवार गाठा. सोमवारी अनेक घरांत मासे-मटण शिजत नाही, काही गुरुवार आणि शनिवारही पाळतात. श्रावणात तर जी बाई एरवी पापलेट तळते तिच्याच हातचं वडे-सांबारं मिळतं. कोंबडी-वड्यातले वडे मुळात शाकाहारी, तांदूळ-उडदाच्या जाडसर पिठाचे, धणे-मेथीच्या वासाचे. म्हाळाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या, पानावर ते काळ्या वाटाण्याबरोबरच वाढले जातात. मी सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला हेच मागायला सांगते: 'कोंबडी नको, वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं करा.' वाटाणे रात्री भिजत घालावे लागतात, म्हणजे इथेही फोन आदल्या दिवशीच.

ऋतू बघून मागितलंत तर पनीरची आठवण होणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये फणसाच्या कुयरीची भाजी. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूची उसळ; ती महाग असते, कारण काजू सोलताना चिकानं बोटं भाजतात, तिथे घासाघीस करू नका. मे महिन्यात रायवळ आंब्याचं सासव, पावसाळ्यात आठळ्या घातलेल्या भाज्या आणि अळंबी.

मासे सोडलेल्यांना मी पावसाळ्यातले नीरफणसाचे काप आवर्जून करायला सांगते. साल आणि मधला दांडा काढून बोटाच्या निम्म्या जाडीचे काप करायचे. मीठ, हळद, मालवणी मसाला आणि आगळ चोळून पाऊण तास ठेवायचे. आगळात मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ जपून. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात काप दाबून घोळवायचे आणि बिडाच्या तव्यावर कडेनं तेल सोडत मंद आंचेवर भाजायचे. घाई केली तर वरून करपतात, आत कच्चे राहतात. बाहेरचं कवच कुरकुरीत झालं आणि सुरी आत सहज गेली की उतरवायचे. नीरफणस नसेल तेव्हा सुरण किंवा कच्चं केळं घ्या. सुरणाला आगळ थोडं जास्त लावा, खाज जाते.

कालवणाचंही तसंच. बांगड्याच्या कालवणाची जी ओढ वाटते तिच्यात मोठा वाटा तिरफळ, आमसूल आणि ओल्या खोबऱ्याचा असतो. हे तिन्ही खतखत्यात, म्हणजे अनेक भाज्यांच्या कालवणात, असतात. घरी करताना तिरफळं वाटायची नाहीत, नुसती ठेचून थोड्या पाण्यात घालून कालवणात सोडायची आणि खाताना बाजूला काढायची. मी मासे सोडले तेव्हा मला या वासानं फार आधार दिला.

सोलकढी शाकाहारीच: नारळाचं दूध, आगळ, लसूण, मिरची, मीठ. भडक गुलाबी दिसली तर रंगाबद्दल विचारा. चांगल्या आगळाची कढी फिकट जांभळट गुलाबी असते आणि थोड्या वेळानं खाली-वर वेगळी होते, ढवळून प्यायची.

घरातलं आणि पाहुण्यांकडचं निभावणं हॉटेलापेक्षा अवघड आहे. राखणीला, म्हणजे राखणदार देवाला मान देतात तेव्हा, कोंबडा असतो, धुळवडीला मटण, आणि आग्रह मायेचा असतो. तिथे 'आज वार आहे' असं कारण सांगू नका. वार उद्या संपतो आणि उद्या तोच आग्रह नव्यानं सुरू होतो. 'मामी, मी सोडलंय, तुमच्या हातची पिठी द्या' असं सांगा. नाही म्हणताना त्याच श्वासात त्यांच्या हातचं काहीतरी मागितलं की समोरच्याचा मान राहतो. राखणीच्या दिवशी मी नारळ फोडायला, वडे थापायला बसते. पंगतीपासून दूर राहिलं की माणसं दुखावतात, ताटात काय आहे त्यानं फारसं नाही.

तब्येतीची एक गोष्ट टाळू नका. मासे सोडल्यावर प्रथिनं कुळीथ, वाल, चवळी, काळे वाटाणे यांतून मिळतात. कच्च्या कुळथात 100 ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. पण बी 12 जीवनसत्त्व डाळी-भाज्यांत नसतं. दूध-दही रोज पोटात जात नसेल तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्या.

आणि एसटीचा लांबचा पल्ला असेल तर पिशवीत तांदळाची भाकरी, सुकी लसूण-खोबऱ्याची चटणी आणि आगळाची लहान बाटली ठेवा. आडगावच्या थांब्यावर, जिथे फक्त मासळी-थाळी मिळते, तिथेही साधा भात मिळतोच. भात घ्या, बाटलीतलं चमचाभर आगळ पाण्यात कालवा, चटणी घ्या. मात्र भाताचे पूर्ण पैसे द्या आणि बाहेरचं खाणं काढण्याआधी मालकिणीला विचारा. मला तर बहुतेक वेळा वर एक पापडही भाजून मिळतो.