माळ्यावर टाकलं म्हणजे जपलं नव्हे

शेवटच्या वेच्याचा कापूस गाडीत भरून गेला की घरातली एक खोली मोकळी होते. अडगळ काढायची तर तेव्हाच, मृग लागायच्या आत. दिवाळीच्या साफसफाईत हे काम काढलं की तेवढ्यात सोयाबीन, कापूस दारात येऊन पडतो आणि खाली उतरवलेलं सगळं जसंच्या तसं परत माळ्यावर चढतं.

एका सकाळी एकच जागा घ्या: अर्धा माळा, एक संदूक किंवा कोठीमागची सांद. ६ ते ९ एवढाच वेळ. दहा बाय बाराच्या भरलेल्या खोलीला चार-पाच सकाळी लागतात. पहिल्याच दिवशी सगळं अंगणात ओतलं तर दुपारी ४५ अंशांत त्याला कोणी हात लावत नाही, आणि संध्याकाळी अवकाळी पाऊस आला की जपायचंच आधी भिजतं. पायात बंद जोडा हवा. दाराकडून सुरुवात करून आत सरका. पोतं, फळी, कवेलूंची (कौलांची) चळत हातानं उचलण्याआधी लांब काठीनं हलवा. विंचू, मण्यार अशाच थंड जागी बसतात.

आता मुख्य गोष्ट. काय फेकायचं हे आधी ठरवू नका, काय ठेवायचं ते आधी काढा. बाजेवर धुतलेली चादर अंथरा आणि आजीला, सासूबाईंना शेजारी बसवा. वस्तू त्यांची असेल तर निकालही त्यांचाच. त्या लग्नाला गेल्या असताना आवरलेलं घर वर्षभर भांडणाला पुरतं. बाजेवर मावेल तेवढं ठेवायचं: तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, रुखवतातलं एखादं भांडं, एक लुगडं, फोटो. पाण्याच्या चार पितळी गुंडांपैकी एक ठेवला तरी आठवण तेवढीच राहते. बाकीचे बहिणींना, लेकींना विचारून द्या.

कागद मात्र कधीच घाईनं काढू नका. जुन्या पत्र्याच्या पेटीतला पिवळा कागद रद्दीत गेला की पुढे नातवंडाच्या जात पडताळणीत अडतं. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांआधीचा पुरावा मागतात. पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, खरेदीखत, वाटणीपत्र, जुने फेरफार वेगळे काढा. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, म्हणून कागद हिंदीत असू शकतो. त्याहून जुना मोडीतही निघतो. वाचता येत नाही म्हणजे बिनकामाचा, असं समजू नका. लॅमिनेशन करू नका, टाचण्या काढा (गंजून भोक पाडतात), मोबाईलवर फोटो घ्या आणि कागद सपाट ठेवा. वीजबिलं आणि बियाण्याच्या पावत्या चालू हंगामाच्या, शिवाय तक्रार सुरू असेल तर त्या हंगामाच्या. बाकी चुलीत.

भांडी विकायची तर आधी घरच्या काट्यावर तोला आणि पितळ, तांबं, कासं वेगळं करा. तिन्हींचे भाव वेगळे असतात. एकत्र दिलं की सगळं पितळाच्या भावानं जातं. कासं वाजवलं की घंटेसारखा लांब नाद देतं, पण पडलं तर तडकतं. ठेवायचं पितळी भांडं स्वयंपाकात वापरायचं असेल तर आधी कलई करून घ्या. कलई उडालेल्या भांड्यात कढी, ताक, चिंचेचं सार नको.

लुगडं संदुकीत तळाशी वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं तर घडीवरच चिरतं. जरीचं असेल तर मऊ सुती कापडात गुंडाळा, सहा महिन्यांनी घडी बदला, डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका. कडुनिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवूनच घाला. ओल्या पाल्यानं बुरशी येते. विरलेल्या नऊवारीची गोधडी होते: साधारण आठ मीटरचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे, विरलेले आत, काठाचे बाहेर. एकाचं अंथरूण निघतं आणि लुगडं रोज अंगाखाली राहतं.

लाकडी बैल, पाट, जुनी तिफण यांना बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर आत कीड आहे. ती वस्तू इतर लाकडापासून लांब ठेवा. साफ लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, तासाभरानं पुसा. त्या तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेतो. पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळा पसरून वाळवा. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. काचेवरूनच, थोडं तिरकं धरून, मोबाईलवर घ्या.

माळ्यावर फवारणीच्या अर्ध्या बाटल्या निघतातच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, हे विसरू नका. जुनं औषध नाल्यात, विहिरीकाठी ओतू नका, जाळू नका; मूळ बाटलीतच, कुलूपबंद, धान्य आणि राहत्या घरापासून लांब ठेवा आणि सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा. रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीत घाला आणि डब्याला भोकं पाडा, म्हणजे त्यात कोणी तेल किंवा पाणी भरणार नाही.

परत ठेवताना संदूक दोन विटांवर, भिंतीपासून चार बोटं दूर. भिंतीला टेकली की वाळवीला वाट मिळते. कवेलूचं घर असेल तर कवेलू फेरून झाल्यावरच माळा भरा, आणि पहिल्या सरीत वर चढून गळतं कुठे ते पाहा. बाजेवरच्या वस्तू तोवर खालीच राहू द्या.