मतभेद घडवणाऱ्या कादंबरीवर चर्चा कशी घ्यावी : ‘डायरी’च्या निमित्ताने

अमेरिकन लेखक चक पालानिक यांची ‘डायरी’ ही इंग्रजी कादंबरी वाचनकट्ट्यासाठी निवडली, की कट्ट्यात तट पडणार हे गृहीत धरूनच संयोजकाने तयारीला लागावे. काही वाचक ती एका बैठकीत संपवतात आणि पुढे कितीतरी दिवस तिच्याविषयी बोलत राहतात. काही जण मध्येच पुस्तक मिटतात आणि पुन्हा हातात घेत नाहीत. दोन्ही प्रतिक्रिया प्रामाणिक असतात आणि दोहोंची मुळे पुस्तकातच सापडतात, असे माझे ठाम मत आहे. नागपुरात असा कट्टा चालवणाऱ्यांना ही चर्चा ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’ यांच्या पलीकडे, प्रत्यक्ष पानांपर्यंत कशी नेता येईल, यासाठी हे टिपण आहे.

कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. चित्रकार होण्याचे स्वप्न घेऊन कला महाविद्यालयात आलेली मिस्टी, पीटर विल्मॉट या सहाध्यायाशी लग्न करून त्याच्या वेटनसी नावाच्या बेटावर राहायला येते. चित्रकला मागे पडते आणि ती तिथल्या हॉटेलात वेट्रेसचे काम करू लागते. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर पीटर कोमात जातो, आणि तो शुद्धीवर आलाच तर त्याला वाचता यावी म्हणून मिस्टी दैनंदिनी लिहिते; तीच ही कादंबरी. पीटरने ज्या घरांची कामे केली, त्या घरांतल्या काही खोल्या भिंती घालून बुजवलेल्या आढळतात, आणि भिंत फोडली की आत त्याच्या हाताने लिहिलेला संतापाचा मजकूर दिसतो. इतक्यात मिस्टीचा कुंचला पुन्हा चालू लागतो, आणि तिने चित्रे काढावीत यासाठी सारे बेट इतके आतुर का, हा प्रश्न वाचकाच्या मानगुटीवर बसतो. निवड जाहीर करताना एवढाच परिचय द्यावा. याहून अधिक सांगितल्यास पुस्तकाचा जीवच जातो.

परिचयासोबत लेखकाविषयी दोन गोष्टी मात्र आधीच सांगाव्यात. पालानिक यांचे नाव बहुतेकांनी ‘फाइट क्लब’मुळे ऐकलेले असते, ती कादंबरी १९९६ ची, आणि १९९९ च्या चित्रपटानंतर तिच्याभोवती निष्ठावंत वाचकांचा एक पंथच उभा राहिला. त्या पंथातला तरुण वाचक ‘डायरी’कडे त्याच वेगाच्या आणि त्याच आवेशाच्या अपेक्षेने येतो, आणि इथे त्याला थकलेली, दारूचा आधार घेणारी, स्वतःहून फारसे काही न करणारी नायिका भेटते. त्याचा विरस स्वाभाविक आहे. ‘ललबाय’, ‘डायरी’ आणि ‘हॉन्टेड’ या तीन कादंबऱ्यांत लेखकाने भयकथेचा प्रांत हाताळला आहे, हे आधी सांगितले की निम्मी तक्रार चर्चेपूर्वीच मिटते. लेखकावरील भक्तीमुळे होणारे वाद नागपूरकर वाचकांना नवे नाहीत. कवी ग्रेस यांच्या कविता तोंडपाठ असणारे आणि त्याच कवितांना दुर्बोध म्हणून बाजूला सारणारे लोक याच शहरात एकमेकांच्या शेजारी राहत आले आहेत. त्या अनुभवाची आठवण सुरुवातीला करून दिली, तर ‘तुम्हाला कळलीच नाही’ हे वाक्य उच्चारताना माणसे थोडी थबकतात.

दुसरी पूर्वसूचना अधिक गंभीर आहे. या पुस्तकात आत्महत्येचा प्रयत्न आहे, रुग्णालयातील दीर्घ बेशुद्धी आहे, आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध जखडून ठेवण्याचे प्रसंग आहेत. ज्यांच्या घरात असे काही घडून गेले आहे, त्यांना हे पुस्तक न वाचण्याची मोकळीक कारण न विचारता द्यावी. वाचताना कोणी अस्वस्थ झाल्यास शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक निरोपातच लिहून ठेवावा. याला कोणी नाजूकपणा म्हटले तरी संयोजकाने आपली भूमिका सोडू नये.

वेळेची निवडही विचारपूर्वक करावी. दैनंदिनीतील नोंदी २१ जूनपासून सुरू होतात आणि तारखेनुसार पुढे सरकतात. आपल्याकडे नवतपा उलटून पावसाची चाहूल लागते ते हेच दिवस. त्यामुळे सभासदांनी तारखांबरोबर, रोज थोडे थोडे वाचावे असे मी सुचवीन. इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्यांनाही हा वेग झेपतो, आणि मिस्टीचे दिवस एकमेकांत कसे मिसळत जातात हे अंगावर येते. पीटरला ‘तू’ म्हणून उद्देशलेले प्रत्येक वाक्य आपल्यालाच सांगितले जात आहे असे वाटू लागते, आणि तो दाब सलग वाचनापेक्षा रोजच्या वाचनात अधिक जाणवतो.

वाचताना प्रत्येकाने तीन पानांना खूण करावी : जिथे पुस्तक खाली ठेवावेसे वाटले ते पान, जिथे ओळी गाळल्या ते पान, आणि जे पुन्हा वाचले ते पान. सारी चर्चा या खुणांवर उभी राहते. बैठकीत ‘कशी वाटली’ हा प्रश्न मुळीच विचारू नये. त्याचे उत्तर एका शब्दात संपते आणि मग त्या शब्दाचा बचाव करण्यातच सारी संध्याकाळ निघून जाते. पहिली संधी पुस्तक अर्धवट सोडणाऱ्यांना द्यावी. चाहते आधी बोलले की अर्धवट सोडणारे स्वतःलाच कमी लेखून गप्प बसतात, आणि कादंबरीच्या खऱ्या दुखऱ्या जागा मात्र त्यांनाच ठाऊक असतात.

या खुणा जमवल्या की बहुधा एक तक्रार सर्वांत वर येते, ती म्हणजे पुनरुक्ती. ‘आजचे हवामान’ म्हणून मिस्टी स्वतःच्या मनःस्थितीची नोंद करते, ठरावीक वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, आणि चेहऱ्यावरील भाव सांगताना स्नायूंची शास्त्रीय नावे येतात. रागाने कपाळावर उभ्या आठ्या पडल्या असे न म्हणता त्या आठ्या पाडणाऱ्या कॉरुगेटर स्नायूचे नाव घेतले जाते. याचा अनेकांना वैताग येतो. इथे वाद न घालता त्या परिच्छेदाचे अभिवाचन करावे, आणि कट्ट्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेले कोणी असेल तर वाचन त्यांच्याकडेच सोपवावे. ऐकताना लक्षात येते की मिस्टी माणसांचे चेहरे एखाद्या मॉडेलसारखे, कातडीच्या आतून बघते आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला शरीररचना शिकवतात तीच ही नजर. पालानिक पोर्टलंडमध्ये टॉम स्पॅनबाउअर यांच्या लेखन कार्यशाळेत शिकले, आणि अशी पालुपदे हे त्यांनी जाणीवपूर्वक जोपासलेले तंत्र आहे. एवढे कळल्यावरही कोणाला ते कंटाळवाणे वाटले, तर ते मत तसेच राहू द्यावे. मला स्वतःला हवामानाच्या नोंदी फार प्रभावी वाटतात. स्नायूंची नावे मात्र उत्तरार्धात जरा जास्तच होतात.

चर्चेचा सर्वाधिक वेळ मात्र दुसऱ्या एका प्रश्नासाठी राखून ठेवावा. यातना भोगल्याशिवाय मोठी कला जन्माला येत नाही, या समजुतीवर ही कादंबरी रचलेली आहे. तिच्यात आजारी, पिडलेल्या, झिजलेल्या कलावंतांचे दाखले येतात. कलाकृती पाहून भोवळ येण्याच्या, स्तेंधाल या फ्रेंच लेखकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराचाही उल्लेख येतो. शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून गेलेला एखादा चित्रकार बैठकीला जरूर बोलवावा, कारण या मुद्द्यावर सर्वांत तीव्र आक्षेप चित्रकारांचाच असतो. रोज सकाळी नेमाने कामाला बसणारा, कागदाचा आणि रंगांचा खर्च मोजणारा, शिकवण्या करून घर चालवणारा माणूस या पुस्तकात कुठे आहे, असे ते विचारतात, आणि हा आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर द्यायचे तर एका गोष्टीकडे लक्ष वेधावे लागते : मिस्टीने यातना सोसाव्यात असे तिला स्वतःला वाटत नाही, तसे वाटते ते तिच्या चित्रांचा लाभ घेऊ पाहणाऱ्यांना. लेखक या समजुतीचे समर्थन करतो की ती कोणाच्या सोयीची आहे हे उघडे करतो, यावर कट्ट्याने मनसोक्त भांडावे. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

याच ठिकाणी महिला सभासदांचे वाचन अनेकदा सर्वांत धारदार ठरते. लग्नानंतर चित्रकला सुटलेली, घराची जबाबदारी एकटीने ओढणारी, आणि मग सासूने अचानक ‘तू काढ ना चित्रे’ असा आग्रह धरलेली सून आपल्याला ओळखीची आहे. ग्रेस विल्मॉट या सासूच्या गोड बोलण्यातला धाक ओळखायला कोणालाही अमेरिकेतल्या बेटावर जावे लागत नाही. भयकथा म्हणून कादंबरी न आवडलेल्या वाचकांनाही हा धागा धरून ठेवतो, म्हणून संयोजकाने एक प्रश्न हाताशी ठेवावा : मिस्टीला ‘नाही’ म्हणता आले असते, असे शेवटचे पान कोणते? उत्तरे वेगवेगळी येतात आणि प्रत्येक उत्तरासाठी पुस्तक उघडावे लागते.

शेवटाची चर्चा चहानंतर घ्यावी, आणि ज्यांचे वाचन पूर्ण झालेले नाही त्यांना तेव्हा उठून जाता यावे. शेवटाविषयीची नाराजी चाहत्यांमध्येही असते. सगळे धागे इतक्या घाईने जुळतात आणि इतके समजावून सांगितले जाते, की मधल्या भागातले भय उतरून जाते, असे मलाही वाटते. उलट, शेवटी समजलेले सत्य मनात ठेवून पहिल्या काही नोंदी पुन्हा वाचल्या, तर मिस्टीच्या आसपासच्या माणसांची साधी वाक्येही वेगळ्या रंगात दिसतात. त्यासाठी पहिल्या नोंदीचे पुन्हा एकदा अभिवाचन ठेवावे. दहा मिनिटे पुरतात.

बैठकीचा वृत्तांत लिहिणाऱ्याने बाजूने किती आणि विरोधात किती असा हिशेब मांडू नये. प्रत्येक आक्षेपासमोर पानाचा क्रमांक आणि त्याला मिळालेले उत्तर लिहावे. पुढच्या महिन्याचे पुस्तक निवडण्याचा मान ‘डायरी’ अर्धवट सोडणाऱ्यांपैकी एखाद्या सभासदाला द्यावा.