जुनी ब्रिटिश टोकनं जमवायची असतील तर

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात सुट्ट्या पैशांचा खडखडाट होता. सरकारी टाकसाळ तांब्याची नाणी पाडेना, बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट, आणि कारखानदारांपुढे मजुरी वाटायचा प्रश्न. १७८७ मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन या तांब्याच्या खाण कंपनीने (फ्रान्सच्या पॅरिसशी संबंध नाही) स्वतःची तांब्याची पेनी काढली. मग इतर कारखानदार-दुकानदारांनीही तोच कित्ता गिरवला. ही खासगी नाणी म्हणजेच टोकनं.

आधी काळ ठरवा. १६४९ ते १६७२ च्या सुमाराची, म्हणजे याआधीच्या लाटेतली टोकनं नखाएवढी आणि पातळ. त्यांवर दुकानदार नवरा-बायकोची आद्याक्षरं असतात. प्रकार गोड, पण झिजलेली अक्षरं लावता लावता डोळे शिणतात. नवख्याने १७८७ ते १७९७ मधल्या हाफपेनीपासून सुरुवात करावी. मग एक काउंटी (तिकडचा जिल्हा) किंवा एक विषय धरा. कॉव्हेंट्रीच्या १७९२ च्या हाफपेनीवर घोड्यावरची लेडी गोडायव्हा (तिथल्या दंतकथेतली उमराव स्त्री) आहे आणि मागच्या बाजूला हत्ती!

टोकन हातात आलं की आधी कड बघा. पॅरिस माइनच्या पेनीवर ओकच्या पानांच्या वेलीत दाढीवाला, डोक्यावरून वस्त्र घेतलेला ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुजारी) दिसतो. पण टोकन दिल्यावर त्याचे खरे पैसे कुठे मिळतील हे कडेवर कोरलेलं असतं: लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी. चित्र तेच असूनही कडेवरचा मजकूर बदलला की किंमत बदलते. म्हणून ऑनलाइन घेताना कडेचा फोटो मागाच. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. दहापट भिंग आणि ग्रॅमचा काटा जवळ हवा. ही पेनी साधारण एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅमच्या आसपास भरते. कडेभोवती जोडाची रेघ दिसली तर ओतीव नक्कल असण्याचा संशय घ्या.

आणखी एक मेख आहे. १७९० च्या दशकातच लोक ही टोकनं हौसेने जमवू लागले, तेव्हा काही कारागिरांनी एकाची पुढची आणि दुसऱ्याची मागची बाजू जुळवून मुद्दाम ‘दुर्मीळ’ नमुने पाडले. त्या नमुन्यांनी कधी कुणी पाव विकत घेतला नाही. माझ्या मते सुरुवातीला अशा नमुन्यांवर पैसे घालवू नयेत.

विक्रेते काउंटीच्या नावापुढे ‘डाल्टन-हेमर’ क्रमांक लिहितात, म्हणजे या दोघांनी केलेल्या टोकनांच्या सूचीतला क्रमांक. तो पडताळून मगच सौदा करा.

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, पितळ घासायची पावडर, काहीही लावू नका. तपकिरी झाक गेली की किंमतही गेली. हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीसारखी पूड दिसली तर ते टोकन बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांनी तांबं चिकट हिरवं होतं. आम्लमुक्त कागदी पाकिटं वापरा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल हवंच.

संग्रह थोडा जमला की उद्योजक मॅथ्यू बोल्टनच्या बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीच्या नाण्यांकडे वळा. तिथे टोकनं तर पाडलीच, शिवाय ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ ची तराजूछाप तांब्याची नाणीही तिथूनच करून घेतली. ती आपल्याकडच्या नाणे प्रदर्शनांत शोधा.