आरंभीच्या सामान्य ख्रिस्ती माणसांचा माग कसा काढावा

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांचा इतिहास वाचू लागले की प्रेषित, धर्माध्यक्ष आणि रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी मरण पत्करणारे) यांची नावे भराभर समोर येतात; पण ज्या चांभारांनी, दासींनी, व्यापाऱ्यांनी आणि विधवांनी ही श्रद्धा रोमन साम्राज्याच्या गल्लीबोळांत नेली, त्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेले नसल्यामुळे ते सहसा नजरेआड राहतात. अभ्यासवर्गासाठी किंवा निबंधासाठी त्यांचा शोध घ्यायचा असेल तर साधने निवडण्यापेक्षा ती वाचण्याचा क्रम अधिक महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते तो क्रम विरोधकांपासून सुरू व्हावा.

बिथुनिया-पंत या (आजच्या तुर्कस्तानातील) रोमन प्रांताचा राज्यपाल धाकटा प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट त्राजानला पाठवलेले पत्र प्रथम वाचावे. सर्व वयांचे, सर्व थरांतले स्त्रीपुरुष या पंथात असून तो शहरांपुरता न राहता खेड्यांत आणि शेतशिवारात पोहोचला आहे, अशी त्याची तक्रार आहे. ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून ख्रिस्ताचे स्तोत्र म्हणणे, चोरी, व्यभिचार आणि विश्वासघात न करण्याची शपथ घेणे आणि पुढे एकत्र साधे जेवण घेणे, एवढेच त्याला चौकशीत आढळले. खात्री करण्यासाठी त्याने मंडळीत (स्थानिक ख्रिस्ती समुदायात) सेविकेचे काम करणाऱ्या दोन दासींचा छळ करवला. या दासींची नावे तो देत नाही, परंतु मंडळीचे काम गुलाम स्त्रियांच्या हाती होते ही गोष्ट त्याच्या लेखणीतून नकळत नोंदली गेली आहे.

त्यानंतर ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस या तत्त्वज्ञाकडे वळावे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला त्याचा ग्रंथ आज स्वतंत्रपणे उपलब्ध नाही. ख्रिस्ती विचारवंत ओरिजेनने पुढे त्याचे खंडन करताना दिलेल्या उताऱ्यांतून तो समजतो. लोकर विंचरणारे, चांभार आणि परीट अशी अडाणी माणसे घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडत नाहीत, पण मुले आणि बायका एकट्या सापडल्या की त्यांना आपले ऐकायला लावतात आणि अधिक जाणून घ्यायचे असेल तर कारखान्यात या असे सांगतात, असे तो उपहासाने लिहितो. असा मजकूर वाचताना उपहास आणि निरीक्षण वेगवेगळे लिहून काढण्याची सवय लावावी. ख्रिस्ती समाजात केवळ अडाणीच होते, हा आरोप प्लिनीच्या पत्रापुढे टिकत नाही. मात्र घराचा आतला भाग आणि कामाची जागा येथे संवाद होत असे, हे निरीक्षण विश्वसनीय आहे, कारण ज्यांना भर चौकात उभे राहून बोलणे धोक्याचे होते त्यांना याच दोन जागा मोकळ्या होत्या.

आता ख्रिस्ती साधने हाती घ्यावीत. मराठी पवित्र शास्त्रात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे ८ व ११ हे अध्याय एकापाठोपाठ वाचून त्यांतील अनामिकांवर खूण करावी. पहिला रक्तसाक्षी मानल्या जाणाऱ्या स्तेफनाच्या हत्येनंतर प्रेषित यरुशलेमेतच राहिले आणि पांगलेली माणसे सुवार्ता सांगत फिरली. सिरियातील अंत्युखियात हेल्लेणी (ग्रीक) लोकांशी प्रथम बोलणारे कुप्र व कुरेने येथील लोकही निनावीच आहेत. त्यानंतर पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायातील प्रत्येक व्यक्तीचे नाव, गाव, काम आणि घर यांचा तक्ता तयार करावा. तंबू बनवणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांना क्लौद्य सम्राटाच्या हुकुमामुळे रोम सोडावे लागले. ते करिंथात, मग इफिसात राहिले, आणि त्यांच्या घरात मंडळी जमत असे. धंदा आणि विस्थापन हीच येथे प्रसाराची वाट झालेली दिसते.

न्यायालयीन नोंदींना बराच वेळ द्यावा. इ.स. १६५ च्या सुमारास रोममध्ये नगराधिकारी रुस्तिकसने ख्रिस्ती तत्त्वज्ञ जस्टिन आणि त्याच्या सोबत्यांची जी चौकशी केली, तिच्या वृत्तान्ताचे तीन पाठ उपलब्ध असून त्यांपैकी सर्वांत छोटा पाठ आधी वाचावा, कारण पुढच्या पाठांत भर पडलेली आहे. जस्टिनने तुम्हाला ख्रिस्ती केले काय, असे विचारल्यावर एवेल्पिस्तस नावाचा गुलाम उत्तर देतो की जस्टिनचे बोलणे आपण आनंदाने ऐकत असू, पण श्रद्धा आपल्याला कप्पदुकियातील आईवडिलांकडून मिळाली. मोठ्या गुरूच्या शेजारी उभा असलेला शिष्यसुद्धा श्रेय घराला देतो, याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडतो.

छळाचा कालपट वेगळा मांडून प्रत्येक साधन त्यावर बसवणे आवश्यक आहे. तीन शतके लोक भूमिगत दफनगृहांत लपून राहिले, ही लोकप्रिय समजूत सोडून द्यावी. ती जागा पुरण्याची होती. त्राजानने प्लिनीला ख्रिस्ती लोकांना शोधत फिरू नये आणि निनावी तक्रारी स्वीकारू नयेत असे कळवले होते, त्यामुळे धोका कायम असला तरी तो बहुधा स्थानिक आणि अनियमित असे. इ.स. १७७ मध्ये लियोंमध्ये (आजच्या फ्रान्समध्ये) ब्लांदिना या दासीसह अनेकांचा बळी गेला. साम्राज्यव्यापी सक्ती मात्र सम्राट डेसियसच्या काळात, २५० च्या सुमारास आली. त्या वेळी रोमन देवांना यज्ञ केल्याची जी प्रमाणपत्रे मिळवावी लागत, त्यांपैकी काही इजिप्तमध्ये सापडली आहेत.

ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियनचे ‘ख्रिस्ती लोकांचे रक्त हे बीज आहे’ हे वाक्य उद्धृत करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण ते त्याच्या ‘अपोलोजेटिकस’ या वकिली थाटाच्या ग्रंथाचा समारोप आहे. त्याच ग्रंथाचा ३९ वा अध्याय अधिक उपयोगाचा आहे: ऐच्छिक मासिक वर्गणीतून गरिबांचे दफन, अनाथांचे पालन, वृद्ध गुलामांची आणि जहाज फुटून निराधार झालेल्यांची सोय होत असे, असे तो सांगतो. रोमच्या मंडळीत १,५०० हून अधिक विधवा व गरजूंचा सांभाळ होत असल्याचे धर्माध्यक्ष कर्नेलियस इ.स. २५१ च्या सुमारास लिहितो. ही आपल्याच बाजूची साक्ष आहे असे वाटल्यास ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक सम्राट ज्युलियन याचे ३६२ सालचे पत्र जोडावे. हे लोक स्वतःच्याच नव्हे तर आमच्याही गरिबांना पोसतात, असे तो आपल्या पुरोहिताला खडसावतो.

शेवटी सिरियातील दुरा-युरोपोस येथील घराचा आराखडा पाहावा. तिसऱ्या शतकात या साध्या घरातील दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेची जागा करण्यात आली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले गेले. इ.स. २५६ च्या वेढ्यात तटबंदीसाठी टाकलेल्या भरावाखाली ते पुरले गेले म्हणून टिकले. तक्त्यातील कुटुंबे ज्या प्रकारच्या घरांत जमत असतील त्याची कल्पना या आराखड्यावरून येते, मात्र पहिल्या शतकातील घरे अशीच होती असे त्यावरून मांडू नये.