रात्रभराच्या नाटकात मोबाइल कसा आवरावा : गावच्या नाट्यमंडळासाठी

झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत गावोगावी नाटके होतात. वडशाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपनीशी ठेका करणे, शामियाना बांधणे, तिकिटे विकणे, घरोघरी आलेल्या पाहुण्यांची सोय पाहणे, या गोष्टी मंडळांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. मोबाइलचे काय करायचे, हे मात्र बैठकीत कोणी काढत नाही. उद्घाटनाच्या वेळी कोणीतरी "कृपया मोबाइल बंद ठेवावेत" असे सांगतो, आणि तो सांगत असतानाच व्यासपीठावरच्या निम्म्या पाहुण्यांच्या हातात फोन असतो. आमच्या मंडळात गेल्या काही हंगामांपासून हे काम माझ्याकडे आहे. त्यात जे लागू पडले आणि जे पडले नाही, ते इतर मंडळांच्या उपयोगासाठी येथे लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "फोन बंद" हा नियम आपल्याकडे चालत नाही, आणि तो चालावा असा आग्रहही धरू नये. शहरातले नाटक अडीच-तीन तासांत संपते. आपले नाटक रात्री दहा-अकराला उभे राहते आणि उजाडायला आले की उतरते. एवढ्या वेळात कोणाची म्हातारी आई घरी एकटी असते, कोणाचे धानाचे पुंजणे बांधीवर उघडे असते आणि भाऊ राखणीला बसलेला असतो, कोणाच्या घरी बाळंतीण असते. अशा माणसाला फोन बंद करायला लावले, तर तो एकतर ऐकत नाही, नाहीतर ऐकतो आणि रात्रभर त्याचे लक्ष रंगमंचावर लागत नाही. म्हणून आम्ही नियम बदलला: प्रवेश चालू असताना फोन खिशात, बोलायचे असेल तर कनातीबाहेर, आणि अंक पडल्यावर ज्याला हवे त्याने हवे तितके पाहावे. फोनला वेळ आणि जागा नेमून दिली की लोक ती पाळतात, असा माझा अनुभव आहे. काही तरुण सभासद दरवर्षी जॅमरची कल्पना मांडतात. खासगी व्यक्तीला किंवा मंडळाला जॅमर लावण्याची कायद्याने परवानगी नाही, शिवाय रात्री रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली तर तोच जॅमर आपल्या अंगावर येईल. ही चर्चा तेथेच थांबवावी.

ठेका करतानाच ठरवायच्या गोष्टी

कंपनीशी तारीख आणि रक्कम ठरते, त्याच बैठकीत चित्रीकरणाचेही ठरवून कागदावर घ्यावे. कोणते गाणे किंवा नृत्य प्रेक्षकांनी टिपले तरी चालेल, आणि कोणता भाग मुळीच टिपू नये, हे कंपनीला विचारावे. कंपनीची अडचण खरी असते. आज आपल्या गावात झालेले नाटक उद्या पंधरा-वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात लागणार असते, आणि आपल्याकडच्या एखाद्या पोराने शेवटचा अंक थेट फेसबुकवर दाखवला, तर त्या गावाच्या तिकीट खिडकीवर त्याचा परिणाम होतो. उद्या ते गाव आपले असू शकते, हे बैठकीत सांगितले की कोणी वाद घालत नाही.

कायदाही नटाच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ३८ आणि त्यापुढील कलमांनुसार कलावंताला आपल्या प्रयोगावर हक्क असतो, आणि त्याच्या संमतीशिवाय प्रयोगाचे चित्रीकरण करून ते प्रसारित करता येत नाही. केवळ स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या चित्रीकरणाला त्यात सूट आहे. परंतु यूट्यूबवर टाकणे म्हणजे खासगी वापर नव्हे, आणि दोनशे लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पाठवलेल्या चित्रफितीला खासगी म्हणणेही अवघडच आहे. नाटककाराचा हक्क याहून वेगळा असतो. हे सगळे प्रेक्षकांना समजावत बसण्याची गरज नाही, पण मंडळाच्या अध्यक्षाला आणि सचिवाला ते माहीत असावे.

कंपनी एखादे गाणे मोकळे सोडायला बहुधा तयार होते, कारण त्यातून तिचीही जाहिरात होते. त्या गाण्याआधी रंगमंचावरून "आता काढा फोटो" असे सांगितले, की हौस भागते आणि पुढच्या प्रवेशात वर उचललेले हात निम्म्याहून कमी दिसतात.

निरोपाची चिठ्ठी

माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेत सर्वांत उपयोगी ठरलेली गोष्ट हीच आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. तिकिटाच्या मागच्या बाजूला मंडळाचा एक मोबाइल क्रमांक छापावा आणि त्याखाली एकच ओळ लिहावी: "नाटकाच्या वेळी घरून तातडीचा निरोप असल्यास या क्रमांकावर कळवावे." तिकीट घेणाऱ्याने तो क्रमांक निघण्यापूर्वी घरी देऊन यावा, असे पत्रकातही छापावे आणि गावातून भोंगा फिरतो तेव्हाही सांगावे. तो फोन प्रवेशद्वाराजवळ, कनातीच्या बाहेर, टेबल टाकून बसलेल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवावा. त्याच्याजवळ वही, पेन आणि फाडलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असावा. निरोप आला की चिठ्ठीवर प्रेक्षकाचे नाव, गाव आणि जमिनीवरची बैठक की खुर्ची एवढे लिहून ती स्वयंसेवकाच्या हाती द्यावी.

पूर्वी हेच काम माईकवरून होत असे. ऐन रंगात आलेल्या प्रवेशात "अमुक गावच्या अमुक पाटलांना बाहेर बोलावले आहे" अशी हाक यायची, नट थांबायचा आणि सगळा शामियाना त्या पाटलांकडे वळून पाहायचा. चिठ्ठीने हा प्रकार बंद झाला. रात्रभरात अशा चिठ्ठ्या फार येत नाहीत. पण घरचा माणूस आपल्यापर्यंत पोचू शकतो, एवढ्या भरवशावर लोक निर्धास्तपणे फोन खिशात ठेवतात. टेबलावरचा फोन मात्र चार्जरला जोडलेला हवा. आम्ही पहिल्या वर्षी हे विसरलो आणि रात्री दोनला तो फोनच बंद पडला.

सूचना कोणी आणि कधी द्यावी

उद्घाटनाच्या भाषणांत दिलेली सूचना वाया जाते. त्या वेळी लोक जागा धरत असतात, चादरी अंथरत असतात, पोरांना शोधत असतात. सूचना पाहुणे खाली उतरल्यानंतर आणि नांदीच्या आधी द्यावी, आणि शक्य असेल तर ती कंपनीतल्या विनोदी नटाने वेशभूषेत येऊन द्यावी, कारण त्याचे जेवढे ऐकले जाते तेवढे सरपंचाचेही ऐकले जात नाही. सूचना अर्ध्या मिनिटापेक्षा मोठी नसावी. एका नटाने आमच्या गावात एवढेच म्हटले होते: "लाईट आमच्या तोंडावर पडू द्या जी, तुमच्या नको." पुढच्या प्रत्येक अंकाआधी हीच गोष्ट एका वाक्यात पुन्हा सांगावी, कारण मध्यरात्रीनंतरही नवे लोक येतच असतात.

त्या नटाचे वाक्य विनोदाचे असले तरी त्यात खरी गोम आहे. आपल्या शामियान्यात ध्वनिक्षेपक एवढा मोठा असतो की लांब कुठे वाजलेली घंटी बऱ्याचदा दबून जाते. पडद्याचा उजेड दबत नाही. पुढे जमिनीवर बसलेल्याने फोन छातीशी धरला, तर तो मागच्या खुर्चीवाल्याच्या नेमका नजरेच्या रेषेत येतो. अंधाराला सरावलेली नजर एकदा उजेडाकडे गेली की पुन्हा सरावायला काही मिनिटे जातात, आणि तेवढ्यात रंगमंचावरच्या मंद प्रकाशातले काही दिसत नाही. नटाला वरून दिसते ते आणखी वाईट असते: अंधारात खालून उजळलेले पाच-पंचवीस चेहरे, आणि त्यातला एकही त्याच्याकडे पाहत नसलेला.

घंटीचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, हे मान्य करतो. शहरातही तो सुटलेला नाही. २०१९ साली सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या फोनला कंटाळून नाटकात काम थांबवण्याची भाषा जाहीरपणे केली होती. आपल्या बाजूची कबुली म्हणून माझाच प्रसंग सांगतो. रब्बीत रात्रपाळीची वीज होती आणि पहाटे तीनला मोटर सुरू करायची म्हणून मी अलार्म लावला होता. दिवसभर लोकांना सांगून सांगून घसा बसला होता, फोन सायलेंटवर होता, वर शाल होती. रंगमंचावर म्हातारा बाप शेवटचे बोलत होता आणि बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. बरोबर तीनला माझ्या शालीतून कोंबडा आरवला. अलार्मचा आवाज मीच हौसेने कोंबड्याचा ठेवला होता. फोन सापडेपर्यंत तो चारदा आरवला. शामियाना हसला, आणि तो अंक नंतर सावरलाच नाही. सायलेंट केल्याने अलार्म बंद होत नाही, हे मी तेव्हा शिकलो.

प्रेक्षकाने फोनमध्ये काय करावे

म्हणून सूचनेत "सायलेंट करा" एवढेच न सांगता अलार्म तपासायलाही सांगावे. फोन आला की फ्लॅश चमकण्याची सोय अनेकांनी चालू ठेवलेली असते, तीही बंद करावी. लोखंडी खुर्चीवर ठेवलेला फोन थरथरला तरी चांगला खडखडतो, तेव्हा तो अंगावरच्या खिशात ठेवणे बरे. साध्या बटणांच्या फोनवर बहुतेक वेळा # चे बटण दाबून धरले की आवाज बंद होतो. हे अनेक आजोबांना ठाऊक नसते, स्वयंसेवकाने प्रवेशद्वारावरच करून द्यावे. ज्याला रात्रभर फोनची गरजच नाही त्याने फ्लाइट मोड लावावा. जंगलालगतच्या गावात नेटवर्क शोधण्यातच बॅटरी संपते, आणि पहाटे परतताना उजेड लागतो. ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडच्या माणसाला वाघाची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. "परतीच्या वाटेसाठी चार्ज राखून ठेवा" हे एक वाक्य "कलेचा मान राखा" या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करते.

वादक आणि ध्वनिक्षेपकवाल्यालाही हे सांगायला विसरू नये. मिक्सरवर किंवा माईकच्या वायरीजवळ टूजीवर चालणारा फोन ठेवला, तर फोन येण्याआधी कर्ण्यातून टर्रर्र टर्रर्र असा आवाज निघतो. लोक प्रेक्षकांकडे वळून पाहतात आणि दोष ऑर्गनशेजारी ठेवलेल्या फोनचा असतो.

स्वयंसेवकांनी कसे वागावे

चार-पाच जण पुरतात, त्यांत निदान दोन बाया असाव्यात, कारण महिलांच्या बैठकीत पोरांनी जाऊन टोकणे बरे दिसत नाही. उजेड दिसला की वाकून, बाजूने जावे आणि कानाजवळ "काकाजी, मागच्यांना दिसत नाही, अंक पडल्यावर पाहा ना जी" असे म्हणावे. टॉर्च मारून दाखवू नये. एका उजेडावर दुसरा उजेड टाकण्याने मागच्यांचे आणखी नुकसान होते. फोन हिसकावू नये. पाहुणे म्हणून आलेल्या जावयाचा फोन हिसकावल्याचे भांडण मंडईनंतरही महिनाभर चालते. पिऊन आलेल्याच्या नादी लागू नये, त्याच्या गावच्या माणसाला सांगावे.

रंगमंचाच्या मागे

येथे मात्र सौम्यपणा उपयोगाचा नाही. कलावंत बाया जेथे कपडे बदलतात ती जागा बहुतेक गावांत कापडी कनातीचीच असते, आणि कनातीला फट असते. त्या बाजूला फोन घेऊन फिरणाऱ्या पोरांना हसण्यावारी नेऊ नये. आयटी कायद्याचे कलम ६६ई आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ यांनुसार असे चित्रण हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. कनात दुहेरी बांधावी, तिच्यामागे दिवा लावू नये म्हणजे सावल्या पडत नाहीत, आणि मंडळातील एक प्रौढ बाई व एक पुरुष तेथे रात्रभर बसवावेत. मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही तेथे फोन काढू देऊ नये; ओळखीचा आहे म्हणून सूट मागणाराच पुष्कळदा अडचणीचा ठरतो. नृत्याच्या गाण्यातले दोन सेकंद कापून त्यावर घाण ओळी लिहून फिरवण्याचे प्रकारही होतात. गावच्या गटात असे काही आले, तर मंडळाने त्याच दिवशी ते काढायला लावावे आणि कंपनीला कळवावे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी झाडीपट्टीचा मान वाढला म्हणून पेढे वाटले. त्याच रंगमंचावरची नटी आपल्या गावातून रडत गेली, तर पुढच्या वर्षी ठेका करायला कोणत्या तोंडाने जाणार?

शेवटच्या पडद्यानंतर सर्व कलावंतांना एका रांगेत उभे करून दोन मिनिटे फोटोसाठी द्यावीत. ही गोष्ट सुरुवातीच्या सूचनेत सांगून ठेवली की रात्रभराची घाई कमी होते. त्यानंतर लगेच माईकवरून गावांची नावे पुकारून प्रत्येक दिशेच्या लोकांना प्रवेशद्वाराजवळ गोळा करावे, कोणाच्या फोनमध्ये चार्ज आहे ते विचारावे, आणि त्यांतला एक पुढे व एक मागे ठेवून लोक वाटेला लावावेत. टेबलावरचा मंडळाचा फोन सगळे घरी पोचेपर्यंत, म्हणजे आमच्याकडे साधारण सातपर्यंत, चालू ठेवावा.