कोर्टाच्या कागदावर लॅटिन दिसलं तर आधी काय बघायचं

मी अमळनेरला वकिलांकडे कारकून आहे. कोर्ट फी स्टॅम्प लावणं, नकला काढणं, बोर्डावर नंबर बघणं ही माझी कामं. कायद्याची पदवी नाही, पण पक्षकार कागद आधी माझ्याकडेच आणतो. "भाऊ, हाई काय लिखेल शे?" आणि बोट नेमकं लॅटिन शब्दावर. मी म्हणतो, आप्पा, अर्थ मागाहून. आधी कागद कशाचा आहे आणि त्यावर तारीख कोणती, ते बघा.

१०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचं राज्य आलं आणि तिथल्या कोर्टात फ्रेंच आणि लॅटिन बसलं. १७३१ च्या कायद्याने ते काढलं, तरी शब्द काही गेले नाहीत. इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले आणि तापीकाठच्या बांधाच्या दाव्यातही शिरले.

सगळ्यात जास्त घात करतो तो 'एक्स पार्टे', म्हणजे एकतर्फी. हा तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे.

पहिला, निशाणी ५ वर. निशाणी म्हणजे कोर्टाने दाव्यातल्या कागदाला दिलेला नंबर. आपल्याकडे दाव्यातला तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुतेक निशाणी ५ च असतो. तिथे 'एक्स पार्टे ॲड इंटरिम' लिहिलं असेल तर तुम्हाला न ऐकता तात्पुरती मनाई दिली आहे. दावा हरलात असं नाही. अशी मनाई घेणाऱ्याने अर्जाच्या आणि दाव्याच्या नकला तुम्हाला लगेच पाठवायच्या असतात. त्या आल्या का, ते तपासा आणि म्हणणं दाखल करा. दुसरा, रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याच्या नोंदीत. समन्स बजावलं गेलं, तुम्ही आला नाहीत, म्हणून दावा एकतर्फी चालवायचा हुकूम झाला. पुढच्या तारखेला सबळ कारण दाखवून तो रद्द करून मागता येतो. तिसरा, हुकूमनाम्यावर, म्हणजे दाव्याच्या निकालाच्या कागदावर. इथे पळायचं. रद्द करायच्या अर्जाला मुदत ३० दिवस, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्स नीट बजावलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. बेलिफाचा, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, अहवाल बघितल्याशिवाय 'समन्स मिळालं नाही' म्हणू नका. त्यावर तुमच्याच पोराची सही निघते.

'स्टेटस को' म्हणजे जैसे थे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कोणत्या तारखेला जे होतं ते? कशाबद्दल, ताब्याबद्दल की विक्रीबद्दल? आदेशात हे नसेल तर दोन्ही बाजू म्हणतात, ताबा आमचाच होता. मग केळीच्या बागेत दोघंही पाणी सोडायला उभे. वकिलाला सांगून आदेश तेव्हाच स्पष्ट करून घ्या. मनाईचा हुकूम मोडला तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही.

'कॅव्हिएट' म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा आधीच टाकलेला अर्ज. तो मला आवडतो, कारण तो आपल्या हातात असतो. भाऊबंद मनाई आणतील अशी कुणकुण लागली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली दाखल करायचा. समोरच्याला नोटीस नोंदणी केलेल्या टपालाने, पोचपावतीसह (वेगळं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं). ती पोचपावती जपून ठेवा. हा ९० दिवस चालतो, नंतर नवा टाकावा लागतो. लोक विसरतात आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी रडतात.

शेत घेताय? मग 'लिस पेंडेन्स'. दावा चालू असताना जमीन घेतली तर निकाल घेणाऱ्यालाही लागू होतो; १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. सातबाऱ्यावर दावा दिसेलच असं नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपवर विकणाऱ्याचं नाव टाकून बघा, त्याच्या भावांचंही.

बाकीचे झटपट. 'प्रायमा फेसी' म्हणजे वरवर बघता, अंतिम निकाल नव्हे. जिंकलो म्हणून पेढे वाटू नका. 'रेस ज्युडिकाटा' म्हणजे त्याच वादावर त्याच पक्षकारांमध्ये आधीच अंतिम निकाल झालाय, पुन्हा दावा नको. 'साइन डाय' म्हणजे पुढची तारीख न देता तहकूब. 'इन कॅमेरा' म्हणजे शूटिंग नाही. उलट दार लावून सुनावणी. 'हेबियस कॉर्पस' म्हणजे बेकायदा अडकवलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी. ते तालुक्याला नसतं, त्याला संभाजीनगरच्या खंडपीठात जावं लागतं.

फ्रेंचपैकी दोन शब्द शेतकऱ्याच्या कामाचे. बँकेत 'लीएन मार्क' म्हटलं की खात्यातली ती रक्कम अडकली. कोणत्या कर्जासाठी, ते लेखी मागा. आणि व्यापाऱ्याच्या करारात 'फोर्स मेज्यूर', म्हणजे आपल्या हाताबाहेरच्या संकटाचं कलम, असेल तर वादळाचं नाव त्यात आहे का आणि किती दिवसांत कळवायचं, एवढं सहीआधी वाचा. जूनच्या वाऱ्यात बाग आडवी झाल्यावर ते कलम शोधून उपयोग नाही.

अपील करायचं मनात असेल तर निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज टाकल्यापासूनचे. आधी घरी बसून काढलेले नाहीत.