ट्रॅव्हल ट्रेलरमधील उंदरांचा बंदोबस्त

काही महिने उभा असलेला ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर) उघडल्यावर ओट्याखालच्या कप्प्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या काळ्या लेंड्या, गादीच्या कुरतडलेल्या फोमचा भुगा आणि नाकाला झोंबणारा वास आढळला, की पहिला विचार सापळ्यांचा येतो. सापळे लागतातच; परंतु बाहेरची वाट उघडी असेपर्यंत पकडलेल्या उंदराची जागा दुसरा घेतो. ही वाट बहुतेक वेळा ट्रेलरच्या तळाशी, आपण सहसा वाकून पाहत नाही अशा जागी असते. म्हणून कामाची सुरुवात तळापासून करावी.

घरात वावरणाऱ्या लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. ज्या फटीत पेन्सिल शिरते, तिथून तो येऊ शकतो असेच धरून चालावे. अशा फटी शोधण्याची सोपी रीत अशी की, अंधार पडल्यावर एकाने आत सगळे दिवे मालवून कप्पे उघडे ठेवून बसावे आणि दुसऱ्याने खालून प्रखर बॅटरीचा झोत हळूहळू फिरवावा. जिथे उजेड आत येईल, तिथे खडूने खूण करावी. विजेची जाड केबल आत येते ते छिद्र, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप ट्रेलरच्या तळातून वर येतात त्या जागा, चाकांवरचे कोनाडे, बाहेर सरकणाऱ्या भागाच्या रबरी पट्ट्यांचे कोपरे आणि तळाच्या आवरणाच्या सैल झालेल्या कडा या जागा विशेष बारकाईने पाहाव्यात.

नुसता फवारायचा फोम भरून भागत नाही, कारण उंदीर तो सहज कुरतडतो. फटीत आधी तांब्याच्या तारेची बारीक जाळी घट्ट ठासून तिच्यावर सीलंट (फटी बंद करणारा चिकट लेप) लावावे. स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या बारीक तंतूंचा गुंता, हेही चालते, मात्र रस्त्यावरचे पाणी लागून ते गंजते, त्यामुळे तळासाठी तांबेच अधिक भरवशाचे. मोठ्या भोकावर पत्रा स्क्रूने बसवावा.

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाशी असलेली भोके मुद्दाम ठेवलेली असतात; स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो तिथूनच बाहेर पडतो. ती भोके, तसेच गॅसवर चालणाऱ्या हीटरची आणि फ्रिजची हवेची व धुराची तोंडे कधीही बुजवू नयेत. त्या तोंडांवर त्या यंत्राच्या निर्मात्याला मान्य असलेलीच जाळी बसवावी. हीटरच्या धुराच्या वाटेत उंदराने घरटे केले असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत साचण्याचा धोका असतो. म्हणून हीटर पेटवण्यापूर्वी ही वाट आणि विजेची जोडणी करण्यापूर्वी तारांचे वेष्टन तपासून घ्यावे.

फटी बुजवल्या त्याच संध्याकाळी आत सापळे लावावेत. उंदीर मोकळ्या जागेतून न जाता भिंतीला अंग घासत धावतो, म्हणून चापाचा सापळा भिंतीशी काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे येईल असा ठेवावा. आमिष म्हणून मटारच्या दाण्याहून कमी पीनट बटर पुरे; जास्त लावल्यास उंदीर चाप न उडवता ते कडेने चाटून जातो. एक-दोन सापळ्यांवर विसंबू नये, कारण मादी सुमारे तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्ले दीड-दोन महिन्यांत प्रजननक्षम होतात. दोन-तीन दिवसांत ज्या सापळ्याला काहीच लागले नाही, त्याची जागा बदलावी. विष वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे: विष खाल्लेला उंदीर भिंतीच्या पोकळीत मरतो, दुर्गंधी कित्येक दिवस जात नाही, आणि तो खाणाऱ्या मांजराला किंवा घुबडालाही विषबाधा होऊ शकते. पुदिन्याच्या तेलाचा परिणाम वास टिकेपर्यंतच असतो, तर आवाजाने उंदीर पळवणाऱ्या यंत्रांवर भरवसा ठेवता येत नाही.

साफसफाई करताना कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम वापरू नये. लेंड्यांची आणि मूत्राची धूळ श्वासावाटे शरीरात गेल्यास काही प्रदेशांत हंताविषाणूचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे, रबरी हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे ताजे मिश्रण लेंड्यांवर भिजेपर्यंत शिंपडावे आणि किमान पाच मिनिटांनंतर कागदी रुमालाने पुसून दुहेरी पिशवीत बांधून टाकावे. ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगर मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

ट्रेलर पुन्हा दीर्घकाळ उभा करताना अन्नाचा कणही मागे ठेवू नये. साबण, मेणबत्त्या, पाळीव प्राण्यांचे खाद्य आणि घरट्याला उपयोगी पडणारे कागदी रुमालांचे गुंडाळे हेही बाहेर काढावेत. तो गवतात किंवा लाकडांच्या ढिगाजवळ उभा न करता मोकळ्या, टणक जमिनीवर उभा करावा आणि आत लावून ठेवलेले सापळे दर दोन आठवड्यांनी जाऊन पाहावेत.